आधी गोष्ट, मग लेखक : रोआल्ड डालचं ‘बॉय’ वर्गात उघडण्यापूर्वी



आत्मचरित्र कसं वाचावं, या विषयातला एक छोटासा दिसणारा प्रश्न आज घेऊ. मुलांना एखाद्या बालसाहित्यिकाचं आत्मकथन वाचायला द्यायचं आहे. पुस्तक उघडण्याआधी शिक्षक लेखकाची ओळख करून देतात. ती ओळख कशी असावी? तिच्यात काय सांगावं, आणि काय मुद्दाम सांगू नये?

उदाहरण म्हणून आपण रोआल्ड डाल घेतला आहे. त्याची ‘चार्ली’ किंवा ‘मटिल्डा’ आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या मुलांनी वाचलेली असेल. ‘बॉय’ हे त्याच्या बालपणाचं पुस्तक १९८४ साली आलं. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. हे वय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे लेखकाची ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. कुमारभारतीच्या धड्याच्या वर बारीक टायपात लेखक-परिचय असतो ना, तशी. डालचा असा परिचय साधारण कसा होईल? जन्म १३ सप्टेंबर १९१६, वेल्समधल्या कार्डिफजवळ, लँडाफ इथे. आईवडील नॉर्वेचे. ध्रुवप्रदेशाचा शोध घेणाऱ्या रोआल्ड आमुंडसेनवरून नाव ठेवलं. तीन वर्षांचा असताना मोठी बहीण आंत्रपुच्छाच्या दुखण्याने गेली आणि काही आठवड्यांत वडील गेले. आईने एकटीने मुलं वाढवली. शाळेत त्याने छड्या खाल्ल्या. रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरी कंपनी मुलांना नवी चॉकलेटं चाखायला पाठवायची, त्यातून पुढे ‘चार्ली’ सुचलं. झाला परिचय. आता उघडा पुस्तक, पान पहिलं.

यात बिघडलं काय? बघा, या माहितीचा बराचसा भाग आला कुठून? ‘बॉय’मधूनच. म्हणजे ज्या साक्षीदाराची साक्ष मुलं आता ऐकणार आहेत, त्याच साक्षीतली वाक्यं आपण आधीच फळ्यावर ‘वस्तुस्थिती’ म्हणून लिहून टाकली. मग मुलं पुस्तक वाचतात तेव्हा त्यांना सगळं जुळताना दिसतं. जुळणारच! पुस्तकाचा पडताळा पुस्तकाशीच घेतला तर वेगळं काय होणार? तर्कशास्त्रात याला चक्रक म्हणतात. वर्गात मात्र याला ‘तयारी’ म्हणतात.

याचा तोटा फक्त उत्कंठा जाण्याचा नाही. मुलांना नकळत असं शिकवलं जातं की आत्मचरित्र म्हणजे माहितीचं कोठार. हे ‘बॉय’च्या बाबतीत तर फारच चुकीचं आहे, कारण खुद्द डाल सुरुवातीलाच बजावतो की हे आत्मचरित्र नव्हे. त्याचा आशय असा की पूर्ण चरित्रात नाना कंटाळवाणे तपशील येतात. इथे फक्त ते प्रसंग आहेत जे मनावर इतके खोल उमटले की कधी पुसलेच गेले नाहीत. आणि ते सगळे खरे आहेत, असंही तो सांगतो. म्हणजे लेखक दोन गोष्टी एकाच वेळी म्हणतो : मी निवडून सांगतो आहे, आणि मी खरं सांगतो आहे. या दोन्ही दाव्यांचं काय करायचं, हा खरा वाचनाचा प्रश्न. परिचय हा प्रश्न उभा करायला हवा, तो आधीच मिटवून टाकायला नको.

आपण पुस्तकातली तीन ठिकाणं घेऊ.

पहिलं ठिकाण लँडाफचं. साल १९२४, मुलाचं वय सात-आठ. शाळेच्या वाटेवर गोळ्या-चॉकलेटचं दुकान. दुकानवाली, पुस्तकात तिचं नाव मिसेस प्रॅचेट, अतिशय खडूस आणि अस्वच्छ. डाल आणि त्याचे चार मित्र मेलेला उंदीर गोळ्यांच्या बरणीत टाकतात. बाई शाळेत येते, मुलं ओळखते, आणि हेडमास्तर तिच्यासमोर एकेकाला वेताने मारतो. ती बाजूला बसून आणखी जोरात मारा म्हणून चेव आणते. रात्री आई मुलाच्या अंगावरचे वळ बघते, तशीच उठून शाळेत जाते आणि हेडमास्तरला जाब विचारते. तो म्हणतो, तुम्ही परदेशी आहात, इंग्रजी शाळा कशा चालतात ते तुम्हाला कळत नाही. शालेय वर्ष संपल्यावर ती मुलाला त्या शाळेतून काढते.

दुकान होतं हे खरं. ते जिथे होतं तिथे आज निळी पाटी लावलेली आहे. पण मिसेस प्रॅचेटचं वर्णन वाचा आणि मग डालच्या इतर पुस्तकांतल्या बायका आठवा. ‘जेम्स’मधल्या दोन आत्या, ‘द विचेस’मधल्या चेटकिणी, पुढे ‘मटिल्डा’तली ट्रंचबुल. सगळ्या एकाच साच्यातल्या. आणि आणखी एक गंमत. ‘द विचेस’ आलं १९८३ मध्ये, ‘बॉय’च्या फक्त एक वर्ष आधी. त्यात नॉर्वेची आजी आहे, आईबाप गमावलेला मुलगा आहे, आणि मुलांचे उंदीर होतात. मग आठवणीने कादंबरीला खाद्य पुरवलं, की आयुष्यभर कादंबऱ्या लिहिणाऱ्या हाताने आठवणीला आकार दिला? दोन्ही शक्य आहे. याचं उत्तर आम्ही देणार नाही, कारण हा प्रश्न मुलांना स्वतःला पडला पाहिजे. आणि तो पडायचा असेल तर त्यांनी आधी डालची निदान एक गोष्ट वाचलेली हवी. म्हणून आमचं पहिलं सांगणं : लेखकाची पहिली ओळख त्याच्या जन्मसालाने नको, त्याच्या गोष्टीने व्हावी.

दुसरं ठिकाण पत्रांचं. १९२५ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, डाल समुद्राच्या खाडीपलीकडे वेस्टन-सुपर-मेअर इथल्या वसतिशाळेत गेला. तिथे दर रविवारी सकाळी मुलांना घरी पत्र लिहायला बसवत. डालने आईला आयुष्यात सहाशेहून अधिक पत्रं लिहिली. सुरुवातीच्या पत्रांखाली तो ‘बॉय’ अशी सही करायचा, पुस्तकाचं नाव तिथून आलं. आईने सगळी पत्रं जपून, बांधून ठेवली होती. हे त्याला कळलं ते १९६७ मध्ये ती गेल्यानंतर.

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, वा! अडुसष्टाव्या वर्षीच्या आठवणीपेक्षा नवव्या वर्षीचं पत्र जास्त विश्वसनीय. त्या काळचा कागद तो. पण पत्रांत काय आहे? खेळ, हवा, खाऊ पाठव, बाकी सगळं ठीक. आणि पुस्तकात काय आहे? घरची इतकी ओढ की मुलगा रात्री बिछान्यात खाडीपलीकडच्या घराच्या दिशेला तोंड करून झोपायचा, आणि एकदा तर घरी जायला मिळावं म्हणून त्याने पोटदुखीचं सोंग आणलं. मग खरं काय? डालच इथे एक तपशील पुरवतो. मुलं पत्र लिहीत असताना हेडमास्तर बाकांमधून फिरायचा, खांद्यावरून डोकावायचा. नाव शुद्धलेखन सुधारण्याचं. अशा वेळी शाळेबद्दल वाईट कोण लिहिणार?

म्हणजे त्या वेळचा कागद आहे, पण तो दडपणाखाली लिहिलेला. आणि नंतरची आठवण मोकळी आहे, पण तिच्यावर साठ वर्षांची धूळ आहे. पुरावा जुना म्हणून तो खराच, असं नाही. हा धडा तत्त्वज्ञानाच्या एम. ए.च्या वर्गात शिकवायला आम्हाला एक सत्र लागायचं, तो इथे एका रविवारच्या पत्रात आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला सहज समजेल असा.

तिसरं ठिकाण सगळ्यांत अवघड. रेप्टन, डालची पुढची शाळा, १९२९ ते १९३४. तिथल्या हेडमास्तरने एका मुलाला कसं मारलं, याचं अंगावर काटा आणणारं वर्णन ‘बॉय’मध्ये आहे. डाल सांगतो की हेच हेडमास्तर पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि त्यांनी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक केला. हा माणूस रविवारी प्रार्थनागृहात दया आणि क्षमा यांवर प्रवचन देतो, आणि एरवी असा मारतो? डालच्या मनात धर्माविषयी संशय इथून शिरला, असं तो लिहितो.

राज्याभिषेक करणारे आर्चबिशप म्हणजे जेफ्री फिशर. ते रेप्टनचे हेडमास्तर होते हे खरं, पण १९३२ पर्यंत. डालचे चरित्रकार जेरेमी ट्रेग्लाउन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की ती मारहाण १९३३ सालची होती. तेव्हा फिशर शाळा सोडून गेलेले होते आणि त्यांच्या जागी दुसरे हेडमास्तर आलेले होते. मार खरा, मारणारा चुकीचा. आणि ‘बॉय’ प्रसिद्ध झालं त्याच्या बारा वर्षं आधी, १९७२ मध्ये, फिशर वारले होते. स्वतःची बाजू मांडायला ते नव्हते.

इथे जरा थांबू. एका माणसावर न केलेल्या कृत्याचा ठपका ठेवला गेला आणि तो लाखो मुलांनी वाचला. ही किरकोळ गोष्ट नाही. ‘लेखकाला इतकी सूट असते’ असं म्हणून सोडून देण्यासारखी तर नाहीच. शिवाय डालचा धर्मावरचा संशय प्रवचन करणारा आणि मारणारा एकच आहे या गृहीतावर उभा आहे. गृहीतच सरकलं, तर संशयाला दुसरे आधार असतील, पण हा आधार राहत नाही.

पण उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एवढं कळल्यावर काही वाचक म्हणतात, म्हणजे सगळं पुस्तकच बनाव. हा निष्कर्ष त्याहून वाईट. इथे आपलं न्यायदर्शन मदतीला येतं. शब्द हे प्रमाण कधी ठरतं? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात केलेल्या व्याख्येचा अर्थ असा की ज्याने ती वस्तू स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे आप्तपण पदावर, कुळावर, पांडित्यावर अवलंबून नाही. आम्ही त्यात एक शब्द भर घालू : वयावरही नाही. लहान मूलही आप्त असू शकतं.

ही कसोटी ‘बॉय’ला लावा. लँडाफमध्ये मार कोणी खाल्ला? स्वतः डालने. वळ त्याच्या अंगावर, आईने ते बघितले. तिथे त्याचं ज्ञान प्रत्यक्ष आहे. रेप्टनमध्ये? डाल स्वतःच स्पष्ट सांगतो की त्या हेडमास्तरचा मार त्याने कधी खाल्ला नाही, त्याच्या जिवलग मित्राने खाल्ला आणि मित्राने त्याला सांगितलं. म्हणजे जिथे पुस्तक घसरतं ते ठिकाण ऐकीव आहे, आणि ते ऐकीव आहे हे लेखकाने लपवलेलं नाही. ते आपण वाचताना निसटू दिलं. म्हणून साक्ष अख्खी स्वीकारायची किंवा अख्खी फेकायची, असं नसतं. कुठला भाग पाहिलेला, कुठला ऐकलेला, कुठला मागाहून लावलेला अर्थ, हे वेगळं करत जायचं. वाचन म्हणतात ते हेच.

हे सगळं एका इंग्रजी पुस्तकापुरतं का नाही, ते आता सांगतो. आपल्या घरात, शाळेत एखादं मूल सांगतं, मला मारलं. आपण विचारतो, कधी? मंगळवारी. मग कळतं की मंगळवारी तर सुट्टी होती. संपलं! ‘खोटं बोलतोय’ असा निकाल लागतो. वार चुकला म्हणून मारही खोटा. ‘बॉय’ नीट वाचलेल्या शिक्षकाने असा निकाल देऊ नये, अशी आमची अपेक्षा आहे. तपशील तपासायचा, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही न्याय द्यायचा, पण चुकलेल्या तपशिलाच्या आड वळ लपू द्यायचे नाहीत. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. कायदा कागदावर आहे. तो अमलात यायला मात्र मुलाचं बोलणं कुणीतरी ऐकावं लागतं.

इंग्लंडमधली तारीखही बघून ठेवा. तिथल्या सरकारी शाळांतून छडी गेली ती १९८६ च्या कायद्याने, आणि खासगी शाळांतून १९९८ च्या कायद्याने. ‘बॉय’ १९८४ चं. म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा छडी हा भूतकाळ नव्हता. डाल १९९० मध्ये वारला. ज्या प्रकारच्या खासगी शाळांत तो शिकला, तिथे त्या दिवशीही छडीला कायद्याने पुरती बंदी नव्हती. आपल्याकडे ‘श्यामची आई’ चित्रपटात छडीवरचं एक मजेदार गाणं आहे, १९५३ पासून ते आपल्या तोंडी आहे, आणि आपण ते हसत हसत म्हणतो. डालही हसवतो. पण तो हसवत असताना वळ दिसत राहतात, हा फरक मुलांना जाणवतो की नाही, ते त्यांना विचारून पाहावं.

‘श्यामची आई’चं नाव निघालंच आहे तर एक तुलना करू. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांनी नायकाचं नाव पांडुरंग ठेवलं नाही, श्याम ठेवलं. तो मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. म्हणजे ‘कोण बोलतंय आणि कुणाशी’ हे आपल्याला सतत दिसत राहतं. डालकडे हा पडदा नाही. तो सरळ ‘मी’ म्हणतो, आणि त्या ‘मी’मध्ये सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांचा म्हातारा एकमेकांत मिसळून जातात. कधी कधी मात्र सांधा दिसतो. बहीण सातव्या वर्षी गेली आणि खचलेल्या वडिलांनी जगण्याची धडपडच केली नाही, हे सांगताना डाल मध्येच स्वतःच्या मुलीचा उल्लेख करतो. ऑलिव्हिया. तीही सात वर्षांची असताना, १९६२ मध्ये, गोवराच्या गुंतागुंतीने गेली. तीन वर्षांच्या रोआल्डला वडिलांचं दुःख काय कळणार होतं? ते वाक्य लिहिलं आहे एका बापाने. हे ठिकाण आपण मुलांना दाखवू नये. त्यांनी शोधावं. सापडलं की वर्ग आपोआप शांत होतो.

मग परिचयात द्यायचं काय? आमच्या मते तीनच गोष्टी. एक, डालची एखादी गोष्ट पूर्ण वाचून घ्यावी. ‘द विचेस’ चालेल, किंवा १९७५ चं ‘डॅनी’, ज्यात बाप आणि मुलाचं सुंदर नातं आहे आणि छडी मारणारा मास्तरही आहे. दोन, लिहिण्याच्या काळाची मोजकी माहिती : साल १९८४, लेखकाचं वय अडुसष्ट, छडी अजून कायद्यात शिल्लक. ही माहिती पुस्तकाबाहेरची आहे, तिने चक्रक होत नाही. तीन, एकच प्रश्न फळ्यावर : हे वाक्य कोण बोलतंय, मुलगा की म्हातारा, आणि त्याने हे पाहिलं की ऐकलं?

आणि राखून ठेवायचं काय? बहिणीचा आणि वडिलांचा मृत्यू, उंदीर, चॉकलेटं, हे सगळं पुस्तकाला सांगू द्यावं. फिशर यांची गोष्ट ते प्रकरण वाचून झाल्यावर, पण न चुकता सांगावी. आधी सांगितली तर मुलं पुस्तकभर फक्त चुका शोधतील. सांगितलीच नाही तर एका निरपराध माणसावरचा ठपका आपण आपल्या हाताने पुढच्या पिढीकडे पोचवू.

राहिला एक प्रश्न, जो मोठी मुलं विचारतातच. १९८३ मध्ये एका मुलाखतीत डालने ज्यू लोकांबद्दल द्वेषाचे उद्गार काढले होते. २०२० मध्ये त्याच्या कुटुंबाने त्याबद्दल माफी मागितली. २०२३ मध्ये त्याच्या पुस्तकांतले शेकडो शब्द प्रकाशकाने बदलले, आणि टीका झाल्यावर मूळ आवृत्त्याही छापत राहू असं जाहीर केलं. हे मुलांना सांगायचं की नाही? दहा वर्षांच्या मुलाला नाही, पंधरा वर्षांच्याला जरूर. पण परिचयाच्या पहिल्या ओळीत चिकटवलेल्या लेबलासारखं नको. ज्याने मारणाऱ्याच्या तोंडची दयेची प्रवचनं पकडली, त्याच्या स्वतःच्या तोंडी असे शब्द कसे आले, असं विचारावं. त्याने हेडमास्तरला लावलेली कसोटी त्यालाच लावावी. मुलं ते फार चांगलं करतात, फक्त आपण उत्तर हातात देऊ नये.

पुढच्या वेळी आपण ‘बॉय’चं लँडाफचं प्रकरण सलग वाचणार आहोत. ज्यांना शक्य असेल त्यांनी तोवर ‘द विचेस’ वाचून यावं. डालचं चरित्र मात्र कृपा करून अजून वाचू नका, ते आपण नंतर एकत्र बघू.